पाव मोज, पाखले मोजू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला आणि सोबतची चिठ्ठी तीनदा. कागदोपत्री पुरावा नाही, साक्षीदार उरला नाही, मग हकिकत लिहावी कशी, आणि दहा वर्षांच्या नातवाला, म्हणजे मला, हेरगिरीला जुंपणाऱ्या माझ्या आजोबांना थोर म्हणावे की निष्ठुर, या दोन प्रश्नांत तू अडकला आहेस. अडकलास हे चांगलेच झाले. पण त्यातून सुटण्यासाठी जे लिहिलेस त्याने मी संतापलो.

आमची माहिती आंबोलीच्या जंगलातून 1955 पासून चाललेल्या गोवामुक्तीच्या गुप्त नभोवाणीपर्यंत ‘पोचत असावी’, असे तू लिहितोस. कुणी सांगितले तुला? मी तर नाही. 1954 च्या पावसाळ्यानंतर आजोबा आणि मी, नात्यातल्या आजारी बाईचे निमित्त सांगून, आरोंद्याहून होडीने तेरेखोल नदी ओलांडून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात, पेडण्याच्या बाजूला जात असू आणि परतताना मी पाहिलेले त्यांना सांगत असे. पुढे ते कुणाला सांगत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. पोर पकडले गेलेच, तर त्याला ठाऊक नसलेले कुणी त्याच्याकडून वदवून घेऊ शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. निष्ठुरपणा शोधणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे.

पोर्तुगीजांच्या गोऱ्या शिपायांना आम्ही पाखले म्हणत असू. त्यांच्या चौकीवर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी किती पाव देतो, एवढेच मी पाहायचे. आजोबांचा नियम एकच होता: पाव मोज, पाखले मोजू नकोस. पावांवरून माणसे किती, हे ठरवणारे दुसरे कुणीतरी होते. एकदा पोदेर फिरकलाच नाही, तेव्हा मी ऐटीत सांगितले की चौकी रिकामी आहे. त्याला ताप आला होता, हे आठवड्याने कळले. मधल्या काळात पत्रके घेऊन गेलेला एक माणूस पकडला जाऊन आग्वादच्या तुरुंगात पोचला होता. माझ्यामुळेच, असे मी सत्तर वर्षे मानत आलो. पण मी पाहिले ते एवढेच, की पुढच्या खेपेला आजोबा एकटे गेले. चौकी रिकामी आहे असे मी सांगितले त्या दिवशी ‘पाव किती?’ हे त्यांनीही विचारले नव्हते. ती त्यांची चूक तू खुशाल लिही.

म्हणून सांगतो बाळा, पाव मोज. पुरावा नसेल तर नाही असे लिही. माझ्या कमरेला पिस्तूल होते, हे वाक्य आधी खोड. कमरेला चड्डीची नाडी होती.

स्वातंत्र्यसैनिकाच्या ताम्रपटासाठी मी अर्ज केला नाही, याला तू निःस्पृहता म्हटले आहेस. तसे काही नाही. न पाहिलेल्या गोष्टींचे प्रतिज्ञापत्र करायला हात धजला नाही. सवलती मिळाल्या असत्या, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली, मुलगा अजून बोलतो. तरी त्यात माझे चुकले, असे मला आजही वाटत नाही.

आजोबा थोर होते की निष्ठुर, हे तू ठरवू नकोस. होडीत वारा लागला की ते आपले उपरणे माझ्या कानांवर गुंडाळत, हे मी तुला सांगितले होते आणि तू गाळलेस. ते परत घाल. आणि नवव्या पानावर चोवीस पाव लिहिले आहेत. मी बावीस सांगितले होते.

तुझा,
आजोबा