प्रतिफळाची वचने वाचताना

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले 5:5 हे वचन, ‘जे सौम्य ते धन्य, कारण त्यांना पृथ्वीचे वतन मिळेल’, एकटे वाचू नका. आधी जुन्या करारातले स्तोत्र 37 सावकाश वाचा, चाळीसही वचने. येशूचे शब्द तिथल्या 11व्या वचनातले आहेत, आणि ते स्तोत्र दुष्टांची भरभराट पाहून जळफळणाऱ्याला धीर देते. म्हणून ‘सौम्य’ म्हणजे दुबळा नव्हे, तर सूड देवावर सोपवणारा. ‘वतन’ शब्द आपल्याला समजावायला नकोच: ते पिढीजात चालते, मजुरीसारखे मोजून मिळत नाही. नवे वाचक इथेच चुकतात, नम्रतेचा हिशेब ठेवू लागतात.

मग मत्तय 6:1-18 घ्या. दान, प्रार्थना, उपास. तिन्ही ठिकाणी दिखाऊ माणसाला प्रतिफळ मिळून चुकलेले असते. ‘मिळून चुकले’ यासाठीचे मूळ ग्रीक क्रियापद त्या काळी पावतीवर लिहीत, पूर्ण पैसे पोचले या अर्थाने. या आठवड्यात एक दान असे द्या, की घरातही कुणाला कळू नये.