छंद म्हणून लोहारकाम करायचंय: आधी ऐरण घ्यावी की भट्टी?

तुम्ही लिहिलंय की घरामागे पत्र्याची शेड रिकामी पडली आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे लोहारकाम करून बघायचंय, पुढेमागे एखादा चाकूही घडवायचाय, आणि साठवलेले पैसे आधी चांगल्या ऐरणीत घालावेत की भट्टीत, हे ठरत नाहीये. माझ्या मते ऐरण सगळ्यात शेवटी घ्या. आधी शेडमधली सावली आणि वारा बघा, मग विस्तव, मग उभं राहायची जागा.

कारण साधं आहे. 10 मिमीची सळई पिवळी करून भट्टीबाहेर काढली की तुमच्या हातात मोजके सेकंद असतात. ऐरणीपर्यंत येताना ती नारिंगी होते, थोडे घाव बसले की लाल, आणि काळपट लाल झाल्यावर नुसता हात दुखतो, लोखंड हलत नाही. त्यात थंडगार ऐरण तिची धग ओढून घेते ती वेगळीच. म्हणून पुढचा घाव कुठे घालायचा हे सळई विस्तवात असतानाच ठरवून ठेवायचं. ऐरणीवर टेकवून विचार करत बसायचं नाही. आणि म्हणूनच भट्टी ते ऐरण अंतर एका पावलाचं हवं, जागेवर वळलं की समोर ऐरण. व्हाइसही (तुकडा आवळून धरायचा शिकंजा) तेवढ्याच टप्प्यात, दुसऱ्या हाताला. मधल्या जागेत ब्लोअरची (भट्टीला वारा देणाऱ्या पंख्याची) वायर, बादली, स्टूल काहीही येऊ देऊ नका. शेड कितीही मोठी असली तरी प्रत्यक्ष काम दोन-अडीच मीटरच्या चौकोनात चालतं. उरलेल्या जागेत माल ठेवा.

आता सावली. लोखंड किती तापलंय हे आपण रंगावरून ओळखतो आणि रंग उन्हात दिसत नाही. सावलीत स्वच्छ लाल दिसणारी सळई भर उन्हात जवळजवळ काळी वाटते. मग माणूस ती आणखी तापवतो आणि पोलाद जाळून बसतो. अंदाजासाठी: मंद लाल म्हणजे 700 अंश सेल्सिअसच्या आसपास, नारिंगी 950 ते 1000, पिवळा 1100 ते 1200, पांढऱ्याकडे झुकला की 1300. साधं माइल्ड स्टील नारिंगी ते पिवळ्या रंगात घडवा. जास्त कार्बनचं पोलाद मात्र नारिंगीच्या पुढे नेऊ नका. सळईच्या टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या की तेवढा भाग जळाला, तो कापून टाकायचा. ठोकून तो जुळत नाही.

सावली हवी म्हणून शेड बंद करू नका. कोळसा असो वा गॅस, दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवा, शिवाय त्याचा अलार्म लावा. डोकं जड वाटलं तर थकवा समजून रेटू नका, आधी बाहेर या. जमीन मातीची असेल तर बदलू नका. सिमेंटच्या कोब्यावर लाल लोखंड पडलं की त्याच्या कपच्या उडतात.

गॅस की कोळसा? तास-दीड तास मोकळा मिळणार असेल आणि शेजार जवळ असेल तर गॅस. पेटवला की काही मिनिटांत भट्टी तयार होते, धूर नाही, ताप एकसारखा. प्रेशर रेग्युलेटर, गॅससाठीच बनवलेली नळी आणि आत सिरॅमिक वूलवर (भट्टीच्या अस्तराची तंतूंची लोकर) उष्णतारोधक लेप, एवढं असल्याशिवाय पेटवू नका. लेप नसलेल्या वूलचे बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. उणीव एकच: भट्टीच्या तोंडात मावेल तेवढंच तापवता येतं. वेटोळं किंवा रुंद वाकवलेला तुकडा आत जात नाही.

मला स्वतःला कोळसा आवडतो, कारण हवा तेवढाच भाग तापवता येतो आणि विस्तव कसा वागतो ते कळतं. नवखा माणूस सळई कोळशात तिरकी खुपसतो, थेट वाऱ्याच्या तोंडापर्यंत. तिथे न जळलेला ऑक्सिजन असतो. तो लोखंडच खातो, खपल्या सुटतात. विस्तवाचं काळीज त्याच्या थोडं वर असतं. सळई तिथे आडवी ठेवायची, खाली पेटते निखारे आणि वरूनही कोळशाचं पांघरूण. लाकडी कोळशाला वारा हळू आणि थर खोल लागतो. ठिणग्या फार उडतात, पण धूर नाही. दगडी कोळसा सुरुवातीला पिवळट दाट धूर काढतो, मग कडेला त्याचा कोक (धूर निघून गेलेला कोळसा) बनतो. तो आत ओढत राहायचं आणि कडेला नवा ओला कोळसा लावायचा. तासाभराने विस्तव मधोमध मंदावला, वारा देऊनही उजळेना, तर तळाशी कीट (वितळलेली राख) जमलंय असं समजा. वारा थांबवून दोनेक मिनिटं द्या, ते काचेसारखं घट्ट होतं आणि आकड्याने अख्खं उचलता येतं. ढवळलंत तर सगळ्या कोळशात पसरतं.

भट्टीसाठी जुना ब्रेक ड्रम, त्याच्या तळाला लोखंडी पाइप, पाइपला टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या खालच्या तोंडाला राख पाडायचं झाकण आणि बाजूच्या तोंडाला झडप लावलेला छोटा ब्लोअर, एवढं पुष्कळ झालं. झडप हवीच, कारण वारा नेहमी लागतो त्यापेक्षा जास्तच दिला जातो. ब्लोअर बंद केला की राखेचं झाकण उघडून ठेवा. दगडी कोळशाचा वायू पाइपमध्ये उतरून साचतो आणि पुन्हा वारा सुरू केला की आतच भडका होतो. जस्त चढवलेला पाइप भट्टीजवळ आणू नका. जस्त 907 अंशांना उकळतं आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. नदीचे गोटे किंवा सिमेंट अस्तराला वापरू नका. आतला ओलावा तापला की ते फुटतात.

आता ऐरण. निमुळत्या शिंगाची, चौकोनी भोकाची ऐरण दिसते देखणी, पण सुरुवातीला तुम्हाला हवाय तो नुसता पोलादाचा जड ठोकळा. रुळाचा तुकडा रीतसर विक्रीला आलेला मिळाला तर आडवा न ठेवता उभा बसवा. आडवा ठेवला की घाव मधल्या पातळ पट्टीवर झेलला जातो आणि तुकडा नाचतो. उभा ठेवला की सगळं वजन घावाच्या खाली येतं, माथा लहान असला तरी काम जास्त होतं. ढोबळ हिशेब असा की ऐरण हातोड्याच्या पन्नासपट असावी, 1 किलोच्या हातोड्याला 50 किलो. कमी असली तरी जाड ओंडक्यावर पक्की आवळलेली असेल तर भागतं. जुनी ऐरण बघायला गेलात तर बेअरिंगची गोळी खिशात न्या. हातभर उंचीवरून माथ्यावर सोडा. तीन चतुर्थांश उंचीपर्यंत परत उसळली तर माथा कडक आहे. ठप्प आवाज करून जागीच बसली तर ते बिडाचं धूड आहे, रंग कितीही छान असो. उंचीसाठी सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ आवळा. माथा बोटांच्या पेरांच्या पातळीला आला पाहिजे. उंच ऐरणीवर खांदा जातो, ठेंगणीवर कंबर. खणखणाट कमी करायला तिच्या पोटाला एक मोठं चुंबक चिकटवा, शेजारी दुवा देतील.

हातोडा 800 ग्रॅम ते 1 किलोचा. घण आत्ता नको. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या धारदार कडा कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर लोखंडावर उमटते. हातोडा थेट ऐरणीवर आपटू नका आणि एका हातोड्यावर दुसरा तर कधीच मारू नका. कडक पोलादाची कपची सुटली तर डोळ्यात जाते, म्हणून चष्मा सतत डोळ्यावर. कपडे सुती, बूट चामड्याचे, पँट बुटाच्या बाहेरून. नायलॉन कातडीला चिकटतं. सांडशी सुरुवातीला लागत नाही. अर्धा-पाऊण मीटरची सळई घ्या, थंड टोक हातात धरा, वस्तू झाली की कापून वेगळी करा. सांडशी घ्याल तेव्हा ती त्या मापाच्या सळईवर पूर्ण बसते का ते बघा. सैल सांडशीतून निसटलेली लाल सळई कुठेही उडते.

माल म्हणून 10 किंवा 12 मिमीची माइल्ड स्टीलची सळई विकत आणा. भंगार फुकट मिळतं, पण त्यात काय आहे ते कळत नाही. पहिलं काम भिंतीतला हुक. टोक काढताना आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल. थेट गोल फिरवत ठोकलंत तर आतून चीर जाते, आणि ती शेवटच्या घावापर्यंत दिसत नाही.

चाकूसाठी ट्रकचा कमानपाटा बहुधा कामी येतो, पण हुक, छिन्नी आणि एक सांडशी हातून झाल्यावर. तेव्हा पाणी देण्याच्या (पातं तापवून, झटकन थंड करून कडक करण्याच्या) वेळी रंगावर विसंबू नका, चुंबक वापरा. 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याच्या थोडं वर नेऊन कोमट खाद्यतेलात बुडवा. तेल लोखंडी भांड्यात, झाकण हाताशी. नंतर लगेच पातं 200 ते 220 अंशांवर दोन तास तापवून ठेवा, नाहीतर पातं हातातून पडलं तरी तुटेल.

दगडी कोळसा घेणार असाल तर धुराडं 25 सेंमी व्यासापेक्षा बारीक करू नका, 15 सेंमीच्या पाइपमधून धूर चढत नाही, शेडमध्येच घुटमळतो. शेडची उंची आणि छपराचा उतार कळवलात तर ते कुठून काढायचं ते सांगता येईल.