एकच स्क्रिप्ट, तीन सर्व्हर आणि तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी, असं का होतं?

तुम्ही म्हणताय तीच बॅश स्क्रिप्ट (कमांडची फाइल) तीन लिनक्स सर्व्हरवर टाकलीय, एकावर आधी दिवस येतो, दुसऱ्यावर आधी महिना, आणि तिसऱ्यावर हाताने चालवली की बरोबर पण क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालली की बिघडते. गोव्यात फोंड्याला एका औषधांच्या होलसेलवाल्याकडे मी अगदी हेच भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्हीवर नुसतं लोकेल (locale) टाइप करा, म्हणजे भाषा आणि देशाप्रमाणे तारीख वगैरे कशी दाखवायची त्याचं सेटिंग दिसेल, आणि त्यात तारखेसाठीच्या एलसी_टाइम (LC_TIME) समोर काय येतं ते बघा. स्क्रिप्टमध्ये डेट कमांडला टक्का-स्मॉल-एक्स (%x) दिलं असेल तर तारखेचा साचा तिथूनच येतो, अमेरिकन लोकेल असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी. एलसी_ऑल (LC_ALL) सेट असेल तर तो सगळ्यांच्या वर, नसेल तर एलसी_टाइम, तोही नसेल तर लँग (LANG). आणि डेबियन-उबंटू या लिनक्सवर एसएसएचने, म्हणजे लांबून लॉगिन करून, आत गेलात की तुमच्या लॅपटॉपचं लोकेलपण सोबत जातं, त्यामुळे एकाच सर्व्हरवर दोघांना वेगवेगळं दिसू शकतं. क्रॉनला तुमचं लॉगिनचं सेटिंग मिळत नाही, म्हणून तिथला लोकेल वेगळा तपासा, क्रॉनमध्ये एक ओळ टाकून आउटपुट फाइलमध्ये घ्या.

पण आमच्याकडे खरा घोळ तारीख वाचताना होता. बिलिंगच्या फाइलमध्ये 03/06/2024 म्हणजे 3 जून, आणि आम्ही ते सरळ डेट मायनस डी (date -d, दिलेली तारीख वाचणारा ऑप्शन) ला दिलं. लिनक्सवरचा नेहमीचा डेट, म्हणजे जीएनयू डेट, स्लॅशवाली तारीख नेहमी महिना आधी धरूनच वाचतो, लोकेल काहीही असो! त्याने 6 मार्च वाचलं, एरर काही नाही, आणि ताजी बिलं जुनी समजून आर्काइव्हच्या फोल्डरमध्ये गेली. 12 तारखेपर्यंत असंच गुपचूप चुकतं, 13 पासून मग इनव्हॅलिड डेट येतं, त्यामुळे महिन्याच्या मध्यावर काहीतरी बिघडलं असं वाटून आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. आता मी टेस्टला दोन तारखा ठेवतो, एक 03/06 आणि एक आपल्या गोवा मुक्तिदिनाची 19/12/1961, दुसरीवर लगेच एरर आला की कळतं महिना आधी धरला जातोय.

उपाय म्हणजे फाइलमधली तारीख आधी स्लॅशवर तोडून वर्ष-महिना-दिवस अशी जोडा, 2024-06-03, मग डेटला द्या. छापतानाही टक्का-कॅपिटल-एफ (%F) वापरा, ते कुठल्याही सर्व्हरवर असंच येतं. एलएस (ls, फाइलींची यादी दाखवणारी कमांड) च्या आउटपुटमधून तारीख कापून घेत असाल तर ते आजच बंद करा, सहा महिन्यांपेक्षा जुन्या फाइलला तिथे वेळेच्या जागी वर्ष येतं, त्यापेक्षा फाइलची माहिती देणारी स्टॅट (stat) कमांड वापरा. मॅकवर मात्र डेट आणि स्टॅट दोन्हींचे ऑप्शन वेगळे आहेत.

बरेच जण सांगतील एलसी_ऑल सी (C, म्हणजे कुठल्याही देशाचा नसलेला साधा लोकेल) करून टाका. मी नाही करत, गिऱ्हाइकांची नावं मराठीत असतात, ती काही टूल्समध्ये बिघडतात. फक्त एलसी_टाइम सी करा आणि एलसी_ऑल अनसेट करा, म्हणजे काढून टाका.

एक राहिलं, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर आपल्याकडे रात्री 12 ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते, तुमचा क्रॉन त्या वेळेत चालतो का? तो कितीला लावलाय ते आणि तिन्हीकडचं लोकेलचं आउटपुट इथे टाका, मी बघतो.