नजरकैद म्हणा, नजरबंदी नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, आरोपीच्या घोट्याला जीपीएस यंत्र बांधून त्याला जामिनावर सोडतात किंवा शिक्षा झालेल्याला तुरुंगाऐवजी घरी ठेवतात, त्या व्यवस्थेला मराठीत काय म्हणावे. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर 'नजरबंदी', 'स्थानबद्धता' आणि 'गृहकैद' हे तिन्ही शब्द आढळतात. त्यांपैकी योग्य कोणता?

'नजरबंदी' योग्य नाही, आणि हा शब्द सतत कानांवर आदळत असल्यामुळे आधी त्याचाच निकाल लावतो. मराठीत नजरबंदी गारुडी करतो, जादूगार करतो. तिच्यात बांधली जाते ती पाहणाऱ्याची नजर. घरात अडकवलेल्या माणसाला 'नजरबंद' म्हणणे हा हिंदीचा प्रयोग आहे. हिंदीत तो निर्दोष आहे, पण बातमी घाईने मराठीत उतरवताना तो तसाच उचलला जातो आणि पाहणारा कोण व बांधलेला कोण याचाच गोंधळ होतो. 'स्थानबद्धता' हा शब्द एके काळी चांगला होता. सावरकरांना १९२४ मध्ये येरवड्याहून सोडले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर, आणि १९३७ पर्यंतच्या त्या काळाला आपण स्थानबद्धताच म्हणतो. आज मात्र एमपीडीए या गुंडगिरीविरोधी प्रतिबंधक कायद्याखाली 'स्थानबद्ध' केलेल्याची रवानगी थेट कारागृहात होते, त्यामुळे तुरुंगाचा पर्याय सांगण्याची या शब्दाची ताकद गेली. 'गृहकैद' अपुरा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ पासून शिक्षेचा शेवटचा भाग घोट्याला टॅग लावून घरी भोगू देतात, पण तिथे घरात राहण्याची सक्ती बहुधा संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंतची असते. दिवसा तो माणूस कामावर जातो. अशा अर्ध्या दिवसाला गृहकैद कसे म्हणावे?

राहिला चौथा शब्द, 'नजरकैद'. १६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांच्या मुक्कामाभोवती फौलादखानाचे पहारे बसले, त्या प्रसंगाने हा शब्द मराठी मुलाला शाळेतच भेटतो. मला या शब्दाचा 'कैद' हा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. 'कैद म्हणजे बंदिवास' एवढे सांगून थांबणाऱ्यांनी शब्दाच्या मुळाशी जाण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. अरबीत 'कैद' हा मुळात तुरुंग नव्हेच. तो जनावराच्या पायांत अडकवण्याचा बंध आहे. त्याने जनावर खुंटाला बांधले जात नाही. ते आखूड पावले टाकत चरू शकते, फक्त दूर पळू शकत नाही. घोट्यावरच्या टॅगचे काम याहून नेमके कोणी सांगेल असे मला वाटत नाही.

याहून सुंदर पुरावा इस्लामपूर्व अरबी काव्यात आहे. सहाव्या शतकातील कवी इम्रुउल कैस आपल्या घोड्याला 'कैदुल अवाबिद', म्हणजे 'रानटी जनावरांच्या पायांतला बंध', असे म्हणतो. घोडा इतका वेगवान की, त्याच्यापुढे सावज बांधल्यासारखे होते, जरी त्याच्या पायांत दोरी नसते. स्पर्श न करता जखडणारी कैद मराठीत 'नजर' जोडली जाण्याच्या कितीतरी शतके आधी कल्पिली गेली होती! पुढे याच धातूपासून 'टिपून ठेवणे, नोंद करणे' हा अर्थही निघाला. आजच्या अरबीत 'कैद' म्हणजे नोंदवहीतली नोंद, आणि तुर्कीतला 'कायित' म्हणजे नोंद हा शब्द त्याच घराण्यातला. पायातला बंध, पाहणारी नजर आणि प्रत्येक हालचालीची नोंद ही तिन्ही अंगे ज्यात सामावली आहेत असा दुसरा शब्द मला मराठीत सापडत नाही.

'इलेक्ट्रॉनिक सनियंत्रण' हा सरकारी वळणाचा शब्द सुचवणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. सनियंत्रण योजनेचे होते, कामाच्या प्रगतीचे होते. माणसाच्या पायाला यंत्र बांधण्याला तो शब्द लावला की, त्यातले बंधन वाचकाच्या नजरेआड होते. कैदेत भिंती गृहीत असतात, म्हणून भिंतींबाहेरच्या माणसाला हा शब्द लागू नाही, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने, आरोपीने गूगल नकाशावर आपले ठिकाण तपास यंत्रणेला सतत दिसत ठेवावे ही जामिनाची अट रद्द केली. अशी अखंड पाळत म्हणजे जामिनावर सुटल्यानंतरही एक प्रकारच्या बंदिवासात ठेवणे होय, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. नजर हीच कैद होऊ शकते, हे न्यायालयाने मान्य केल्यावर भिंतींचा हट्ट कशासाठी? आणि हा विषय आता परदेशापुरता राहिलेला नाही. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरील आरोपीच्या घोट्याला जीपीएस यंत्र लावले, आणि त्याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात, असे साधन बाळगण्यास तयार असलेल्या कैद्याला रजा देण्याची तरतूद आहे. म्हणून शब्द आत्ताच नीट रुळले पाहिजेत.

यंत्राला काय म्हणावे, हे कोणी विचारलेले नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रेंच लोक त्याला 'ब्रेसलेट' म्हणतात, म्हणून आपल्याकडेही 'कडे' सुचवले जाते. कडे हा दागिना आहे, तो हौसेने घालतात. जर्मन भाषेने 'पायबेडी' अशा अर्थाचा सरळ शब्द घेतला आहे. आपल्याकडे 'पायबंद' तयार आहे. घोड्याच्या पायाला बांधायची दोरी हा त्याचा मूळ अर्थ, आणि 'पायबंद घालणे' तर सगळेच म्हणतात. 'टॅग' चालेल, परंतु पायबंद असताना त्याची गरज मला दिसत नाही.

वापराविषयी एवढेच, की 'नजरकैद' स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'नजरकैदेत ठेवले' आणि 'नजरकैदेची अट' असे लिहावे. 'नजरकैदमध्ये' लिहू नये. 'पायबंद' पुल्लिंगी आहे: न्यायालयाने पायबंद लावण्याचा आदेश दिला, मुदत संपल्यावर तो काढला.