पेनाचं टोपण

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी हिशेबाच्या वहीत माझ्या हातून आकडा चुकला. ठपका शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर आला. मी गप्प बसलो. त्याची बढती अडली. साहेबांच्या खोलीतून बाहेर येऊन त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आता निवृत्तीनंतर पहाटे तीनला जाग येते. ध्यान करतो, तरी टोपणच दिसतं. मन शांत कसं करू?

उत्तर : तुमचं पत्र इथे थोडक्यात छापलंय. मूळ चार पानांत ‘परिस्थितीच तशी होती’ हे तीनदा आलंय आणि तिसऱ्यांदा तुम्हीच ते खोडलंय. मला ती खोडलेली ओळ सगळ्यात खरी वाटली.

टोपण दिसू नये म्हणून धडपडू नका. १९८७मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. ध्यान चांगलंच आहे, पण तुम्ही ते विसरण्यासाठी करताय.

‘मी वाईट केलं’ आणि ‘मी वाईटच आहे’ यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्याने माणूस तोंड लपवतो. पहिल्याने निदान उठून काहीतरी करतो. तुम्ही पहिलंच धरा.

ज्यांची बढती अडली, त्यांना भेटा. आधी विचारा, जुन्या कामाचं बोलायचंय, चालेल का? नको म्हणाले तर तिथेच थांबा. भेटलात तर एवढंच सांगा : आकडा माझा चुकला होता, मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. परिस्थितीचं काही नको. लगेच ‘माफ करा’ही नको, कारण मग ‘जाऊ दे’ म्हणणं त्यांना भाग पडतं. मी एकदा मोठ्या बहिणीची अशीच घाईने माफी मागितली. ती ‘बरं’ म्हणाली आणि वर्षभर बोलली नाही. मला झोप लागावी म्हणून मी आलेय, हे तिने ओळखलं होतं.

बढती आता परत मिळायची नाही. पण तेव्हाचे जे सहकारी आजही चूक त्यांचीच समजतात, त्यांतले दोघे-तिघे तरी सापडतील. ज्यांच्यावर ठपका आला त्यांची हरकत नसेल, तर त्या दोघा-तिघांनाही जाऊन सांगा.