सहीआधीची दोन वर्षे

वाचकांचे प्रश्न

सीए होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाविषयी, म्हणजे ज्याला सगळे आर्टिकलशिप म्हणतात त्याविषयी, प्रश्न पाठवावेत असे गेल्या अंकात सुचवले होते. आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास झाली आणि गेले पाच महिने सोलापुरातच एका ऑफिसमध्ये आर्टिकलशिप करते आहे. तिचे वडील यंत्रमाग कारखान्यात आहेत, मी घरी शिवणकाम करते. दिवसभर व्हाउचरवर (खर्चाच्या पावत्यांवर) तपासल्याच्या टिका, म्हणजे खुणा, मारायच्या आणि टॅलीतल्या एंट्र्या ताडून पाहायच्या, एवढेच काम मिळते आणि सर फारसे बोलत नाहीत, असे ती सांगते. तिच्या दोन मैत्रिणी पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये गेल्या. कर्ज काढून तिलाही पाठवावे का? इथे राहून ती पुढे मोठ्या जबाबदारीच्या जागी पोहोचू शकेल का?
– एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, कारण वेळ खरोखरच थोडा आहे. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली आहे. तीन वर्षांत पहिले सहा-आठ महिने नुसते बघण्यात गेले तरी भरून काढता येत असे. आता तुमच्या मुलीचे पाच महिने गेले म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा संपला.

तरीही पुण्याचा निर्णय लगेच घेऊ नका. मोठ्या फर्ममध्ये मोठ्या कंपन्यांचे ऑडिट जवळून पाहायला मिळते, कामाची शिस्त अंगात भिनते आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्या नावाचा उपयोगही होतो, हे मी नाकारत नाही. मात्र तिथे कामाचे तुकडे इतके लहान केलेले असतात की, एखादा मुलगा महिनोन्‌महिने फक्त यंत्रसामग्रीची यादी किंवा फक्त येणे बाकीची पत्रे सांभाळत बसतो. आपल्याकडच्या लहान ऑफिसात एकाच पार्टीचे, म्हणजे अशिलाचे, काम पहिल्या व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत, आणि पुढे नोटीस आली तर तिच्या उत्तरापर्यंत, एकाच मुलीच्या हाताखालून जाऊ शकते. ‘शकते’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ते होते की नाही, हे शहरावर नसून सरांवर अवलंबून असते.

म्हणून मुलीला एकच गोष्ट विचारा : तिने केलेले काम तिच्याकडे परत येते का? तिने काढलेल्या क्वेरीवर, म्हणजे हिशेब तपासताना पडलेल्या प्रश्नावर, तिने केलेल्या कागदावर सर किंवा सीनियर काही लिहून तो तिच्यापुढे ठेवतात, की तिची चूक परस्पर दुरुस्त करून फाइल पुढे जाते? सर अबोल असले तरी चालेल. पण चूक तिच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर ऑफिस सोलापुरात असो की पुण्यात, दोन वर्षांनी तिच्याकडे प्रमाणपत्रापलीकडे फारसे काही नसेल.

हे मी स्वतःवरून सांगते. आर्टिकलशिपच्या पहिल्याच वर्षी 31 मार्चला मला एमआयडीसीतल्या एका सुताच्या गोदामात स्टॉक मोजायला पाठवले होते. मुलीला गोदामात कशाला पाठवता, असे मालकांनी सरांना फोनवर विचारले होते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे मी जरा जास्तच ठामपणे वावरत होते. पोत्यांची थप्पी समोरून आठ पोती रुंद, सहा पोती उंच आणि बाजूने पाहिली तर पाच पोती खोल होती. मी गुणाकार केला, 240 पोती लिहिली आणि मालकांच्या रजिस्टरला 216 आहेत असे दिसताच ‘24 पोती जास्त, नोंद नाही’ असा शेरा मारून मोकळी झाले. मोठी चोरी पकडल्यासारखे मला वाटत होते.

सरांनी कागद वाचला, ‘24’ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि एवढेच विचारले, “आतली पोती पाहिलीस का?” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत पाठवले आणि स्वतःही आले. हमालांनी वरच्या रांगा उतरवल्या. थप्पीच्या मध्यभागी छताचा खांब होता आणि ओल लागू नये म्हणून त्याच्याभोवती जागा सोडलेली होती. प्रत्येक थरात चार पोत्यांची जागा रिकामी, असे सहा थर, म्हणजे बरोबर 24. रजिस्टर खरे होते. मालकांना ते सांगण्याचे काम सरांनी माझ्यावर सोपवले आणि स्वतः दाराशी उभे राहिले. मी अडखळत बोलत असताना ते मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. पुढे माझ्या सहीने अहवाल जाऊ लागले तेव्हापासून आजपर्यंत, समोरच्यावर ठपका ठेवणारे वाक्य लिहिण्याआधी मला तो खांब आठवतो. सरांनी आकडा स्वतःच खोडून 216 केला असता, तर माझ्या हाती काहीही लागले नसते.

आता व्हाउचरबद्दल. टिका मारणे हे हलके काम आहे असे मुलीला वाटत असेल, तर ते तिला कोणी नीट दाखवलेले नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. एखाद्या टॉवेल निर्यातदाराच्या वाहतूक खर्चात एकाच ट्रान्सपोर्टची दोन बिले लागोपाठच्या नंबरांची असावीत आणि त्यांच्या तारखांत दोन महिन्यांचे अंतर असावे, हे रक्कम पाहून टीक मारणाऱ्याला दिसत नाही; नंबर आणि तारीख शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दिसते. दोन महिन्यांत त्या ट्रान्सपोर्टने दुसरे एकही बिल फाडले नाही का, ही क्वेरी त्यातूनच निघते. त्याचे उत्तर साधेही असेल, त्या पार्टीसाठी वेगळे बिलबुक ठेवलेले असेल. पण प्रश्न तर पडला पाहिजे.

आणखी एक सवय तिला आजपासून लावून घेता येईल, सर बोलोत अथवा न बोलोत. ऑडिटच्या कागदपत्रांविषयीचे एसए 230 हे जे मानक आहे, त्याची कसोटी अशी की, त्या कामाशी पूर्वी कधीही संबंध न आलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसती फाइल वाचून काय तपासले, काय आढळले आणि निष्कर्ष कसा काढला हे समजले पाहिजे. प्रत्येक वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीच्या नोंदीचा कागद, तिने याच कसोटीने लिहावा आणि शेजारच्या टेबलावरच्या आर्टिकलला, म्हणजे तिच्यासारख्याच प्रशिक्षणार्थीला, वाचायला द्यावा. त्याने जे विचारले, ते कागदावर राहून गेले असे समजावे. माणसांकडून काम करून घेणाऱ्याला पुढे याचीच गरज पडते. ज्याला आपले काम दुसऱ्याला कळेल असे मांडता येत नाही, त्याच्या हाताखाली चार माणसे दिली तरी तो सगळे स्वतःच ओढत बसतो.

या महिन्यात तिने सरांना भेटून एका लहान पार्टीची पूर्ण फाइल मागावी : तिथे स्वतः जाणे, क्वेरी काढणे, उत्तरे मिळवणे आणि फायनलायझेशनच्या, म्हणजे हिशेब पक्के करण्याच्या, बैठकीत त्या क्वेरी स्वतः मांडणे. मागताना तक्रारीचा सूर नको. आतापर्यंत काय काय केले याचे एक पानभर टिपण सोबत न्यावे. सप्टेंबरमध्ये, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत, हे बोलू नये. पुष्कळ सर मुलांनी विचारण्याची वाटच पाहत असतात. दोनदा विचारूनही काही बदलले नाही, तर मात्र ऑफिस बदलण्याबाबत सीए संस्थेचे (आयसीएआयचे) नियम पाहून लवकर निर्णय घ्यावा. आणि तेव्हाही आधी सोलापुरातच दुसरे ऑफिस शोधावे. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च स्टायपेंडमधून निघणे अवघड आहे, आणि कर्जाचे ओझे घेऊन शिकणारी मुलगी ‘मला हे समजले नाही’ असे म्हणायला घाबरू लागते. ती भीती मला कर्जापेक्षाही मोठी वाटते.

प्रश्न : मी वीस वर्षे प्रॅक्टिस करतो आहे. मुलांना हाताला धरून शिकवावे आणि पास होताच त्यांनी पुणे-मुंबई गाठावी, हे इतक्या वेळा झाले आहे की, आता मी त्यांच्याकडून नेमून दिलेले काम करून घेतो आणि महत्त्वाचे सगळे स्वतः पाहतो. यात माझे काय चुकते?
– एक सीए, जुळे सोलापूर

उत्तर : मुले जातात आणि जाणारच. तुमची खंत मी समजू शकते, कारण माझ्या ऑफिसमधूनही सगळ्यात चांगली मुलेच आधी गेली. पण महत्त्वाचे सगळे स्वतः पाहण्याचा परिणाम तुमच्या ऑफिसवर काय झाला, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी अंदाज करते : सप्टेंबरमध्ये तुम्ही रात्री अकराला घरी जात असाल, आणि तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर पार्टीच्या फोनला उत्तर देऊ शकेल असे ऑफिसमध्ये कोणी नसेल. मुलांना न शिकवण्याची किंमत मुलांइतकीच तुम्हीही मोजता आहात.

भैय्या चौकातले डॉ. कोटणीस यांचे स्मारक तुम्ही पाहिले असेल. 1938 साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून ते चीनला गेले, 1941 साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी गेले. युद्धाच्या धामधुमीत शस्त्रक्रियांबरोबरच तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कामही ते करत होते. शिकवण्यासाठी सवड मिळण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि शिकणारे पुढे आपल्याच रुग्णालयात राहतील का याचा हिशेब त्यांनी मांडला असेल असे मला वाटत नाही.

तुमच्यासाठी व्यवहारातली सूचना अशी की, दर सोमवारी सकाळी, फोन सुरू होण्याआधी, अर्धा तास फक्त मागच्या आठवड्यातल्या चुकांसाठी ठेवा आणि त्यात पहिली चूक तुमची स्वतःची सांगा. सरांकडूनही चुकते आणि ते लपवत नाहीत, हे एकदा दिसले की मुले आपले घोळ लवकर आणून दाखवतात, तेही निस्तरण्याजोगे असताना. दुसरे म्हणजे पार्टीसमोर बोलण्याची संधी आर्टिकलला द्या. सही तुमचीच राहील, जबाबदारीही तुमचीच. पण क्वेरी त्याने मांडावी आणि तुम्ही शेजारी बसावे. तो अडला तर लगेच बोलू नका. ते दहा सेकंद गप्प बसणे वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला फार जड जाते, मला अजूनही जाते.

प्रश्न : घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. ऑफिसमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सर पुढे करतात. मला दिशा दाखवणारे घरात कोणी नाही. टीम सांभाळण्याची पात्रता माझ्यात येईल का?
– एक आर्टिकल, अशोक चौक परिसर

उत्तर : येईल. इंग्रजी मात्र टाळू नका. अहवाल, मानके आणि परीक्षा पुष्कळांसाठी त्याच भाषेत असतात. रोज निघालेली एक क्वेरी ईमेलच्या रूपात चार ओळींत इंग्रजीत लिहा आणि सीनियरकडून तपासून घ्या. बोलणे त्यामागोमाग येते. पण सोलापुरात एकाच दिवसात एक पार्टी तेलुगू बोलणारी, दुसरी कन्नड आणि तिसरी मारवाडी निघते, आणि कारखान्यातला माणूस खरी अडचण त्याच्या घरच्या भाषेतच सांगतो. ती तुम्हाला ऐकू येते, हे सरांच्या लक्षात आणून द्या.

दिशा दाखवणारा माणूस मोठ्या पदवीचाच असावा लागतो, असेही समजू नका. 1882 साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद बांधकामाच्या कंत्राटात उतरले ते लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून. रेल्वेचे काम कसे चालते हे त्या कारकुनाला माहीत होते. तुम्ही ज्या पेढ्यांवर ऑडिटला जाता, तिथे एखादे जुने दिवाणजी नक्की भेटतील, ज्यांनी हाताने खतावणी लिहिलेली आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि मालक उधारी कोणाला देतात, कोणाला देत नाहीत आणि का, एवढेच विचारा. त्यांनी सांगितलेले त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवा.