वेंब्लीच्या नोंदीत दोन स्टेडियम आहेत

मराठी विकिपीडियावर लंडनच्या वेंब्ली फुटबॉल स्टेडियमची क्षमता ९०,००० लिहावी की सव्वा लाख, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एका वास्तूचे नाहीत. जुनं स्टेडियम १९२३ मध्ये सुरू झालं, २००० मध्ये बंद पडलं आणि २००२-०३ मध्ये पाडलं गेलं. त्याच जागी बांधलेलं नवं २००७ मध्ये खुलं झालं. ९०,००० आसनं आहेत ती या नव्यात. माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा ठळक माहितीचा तक्ता) नव्याची ठेवा आणि जुन्याला स्वतंत्र विभाग द्या. आत्ताच्या मजकुरावरून १९६६ ची फुटबॉल विश्वचषक फायनल आजच्या कमानीखाली झाली असंच कुणालाही वाटेल.

त्या कमानीला 'आकर्षक' म्हणून सोडून देऊ नका. १३३ मीटर उंच, ३१५ मीटर लांब अशी ती कमान उत्तरेकडच्या छताचा सगळा भार आणि दक्षिणेकडचाही बराचसा भार पेलते, म्हणून आत एकही खांब प्रेक्षकाच्या आड येत नाही. एवढं लिहिलंत की विशेषणं आपोआप गळतील.

गर्दीच्या आकड्यांबाबत जरा जपून. १९२३ मध्ये वेंब्लीवर झालेल्या पहिल्या एफए कप (इंग्लंडमधली क्लबांची फुटबॉल स्पर्धा) फायनलची अधिकृत उपस्थिती १,२६,०४७. प्रत्यक्षात दोन लाखांहून जास्त लोक आत घुसले असावेत असे अंदाज आहेत, पण ते अंदाज म्हणूनच लिहा आणि प्रत्येकाला वेगळा संदर्भ द्या. लोकांना मैदानाबाहेर सारणाऱ्या पोलिसाच्या बिली नावाच्या घोड्यावरून तो सामना 'पांढऱ्या घोड्याची फायनल' म्हणून ओळखला जातो. घोडा खरं तर करड्या रंगाचा होता, कृष्णधवल फिल्ममध्ये पांढरा दिसला!

माझ्या मते मोठी उणीव वेगळीच आहे. इंग्रजी लेखाचं भाषांतर करण्याच्या नादात आपल्या वाचकाला ज्यात खरा रस आहे तेच राहून गेलंय. १२ ऑगस्ट १९४८ ला याच जुन्या वेंब्लीवर भारताने हॉकीच्या फायनलमध्ये ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. बलबीर सिंग यांचे त्यात दोन गोल. मुंबईकडून खेळणारे गोलरक्षक लिओ पिंटोही त्या संघात होते. यावर एक परिच्छेद हवाच. पण त्याच ऑलिंपिकमधला भारत-फ्रान्स फुटबॉल सामना (१-२, आपले बरेच खेळाडू अनवाणी) इथे घुसडू नका, तो इलफर्डच्या क्रिकलफील्डवर झाला होता.

तुम्ही दादरलाच राहता, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ऑगस्ट १९४८ ची मराठी वृत्तपत्रं पाहायला मिळतील का, ते विचारा. लोकसत्ता त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता. छापील मराठी संदर्भ मिळाला तर दहा इंग्रजी दुव्यांपेक्षा मी तो आधी लावीन.

मैफलींची ती लांबलचक यादी मात्र काढून टाका. १९८५ चा लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा कार्यक्रम ठेवला तरी पुरे. सगळं आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) लिहा आणि लेखाच्या चर्चापानावर दुवा द्या, रविवारी नजर टाकतो.